हज्जा इन्साफच्या गाडीतली कुई

नाव : वगदी तादरोस. वय : ४४ वर्षे. धंदा : मोटारींत साउंड बसवणे. राहणार : मन्सूरा, तलखा पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर. दिनांक : १४ मे २०१३, मंगळवार.

मी ठाण्यात स्वतः हजर आहे. मला विचारल्यावरून, कोणाच्या दबावाखाली न येता, सांगतो ते खालीलप्रमाणे :

वर लिहिलेल्या ठिकाणी माझे बावीस वर्षांपासून दुकान आहे. लहान गाड्यांत सबवूफर आणि अँप्लिफायर बसवणे हे माझे मुख्य काम. लोक मला उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणतात.

हज्जा इन्साफ, वय अंदाजे ५८, यांना मी गिऱ्हाईक म्हणून ओळखतो. त्या नवऱ्या मुलींना मेंदी काढतात आणि मेंदीच्या कार्यक्रमात गाणीही वाजवतात. आजूबाजूच्या गावांत त्यांना बोलावणी असतात. त्या अंगणात गाडी उलटी लावतात, मागचे दार वर उघडतात, आणि बायका नाचतात. गाडी जुनी, लहान, निळ्या रंगाची फियाट.

गेल्या ऑक्टोबरात मी त्या गाडीत दोन बारा इंची सबवूफर आणि दोन अँप्लिफायर बसवले. मी सांगितले होते, “हज्जा, गाडी लहान आहे, एक पुरे.” त्या म्हणाल्या, “गाडी लहान आहे, गावं मोठी आहेत. दोन बसव.” मागची सीट काढून, स्टेपनीच्या खड्ड्याच्या मापाने मी लाकडी बॉक्स हाताने कापला. तो इतका घट्ट बसला की आत ढकलायला दोन माणसे लागली. हज्जा दोन दिवस स्टुलावर बसून होत्या. मी केलेल्या बॉक्सांत तो बॉक्स चांगला होता, हे नमूद करतो.

नंतर चार वेळा त्या तक्रार घेऊन आल्या. गाणे संपून दुसरे सुरू होईपर्यंत स्पीकरमधून कुई असा आवाज येई. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज चढत असे.

“उस्ता, गाडीत मांजर आहे.”

“हज्जा, मशीन ठीक आहे. कानांचंही वय होतं.”

“कान माझे आहेत. मांजर तू घातलंस.”

या बाबतीत खरे सांगतो. दोष कानांत नव्हता. अर्थिंगची वायर पत्र्याला स्क्रूने आवळण्याआधी तिथला रंग खरवडावा लागतो, नाहीतर जोड कच्चा राहून कुई येते. मी तो खरवडला नव्हता. त्या दिवशी गुरुवार होता, संध्याकाळी भाचीचा साखरपुडा होता. दुसऱ्या तक्रारीच्या वेळीच माझ्या हे लक्षात आले होते. पण दुरुस्तीसाठी सगळा बॉक्स बाहेर काढावा लागला असता, आणि का काढतो ते हज्जांना सांगावे लागले असते.

२५ एप्रिल रोजी भाजीबाजारातून गाडी चोरीला गेली. फिर्याद याच ठाण्यात आहे. दोन दिवसांनी हज्जा टुकटुकमधून माझ्याकडे आल्या. मांडीवर एक लहान स्पीकर होता. म्हणाल्या, “काल नवरीच्या आत्यानं विचारलं, कुणाचा मोबाइल वाजतोय का. आता मला मेंदीपुरतंच बोलावतील.” मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

त्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवण्यासाठी लावतो ती गाणी मी बंद ठेवली. कारण विचारले असता सांगतो की, रस्त्यावरचे ऐकू यावे म्हणून.

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास पुलाच्या तोंडाशी गाड्या अडकल्या होत्या. एका गाडीतले गाणे संपले आणि कुई ऐकू आली. मी बाहेर आलो. गाडी राखाडी होती, नंबर वेगळा होता. चालकाने रेस दिली तशी कुई चढली. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, “भाऊ, तुझ्या साउंडमध्ये आवाज येतोय. दुकानात घे, फुकट काढून देतो.”

चालकाचे नाव झगलूल, धंदा कोंबड्यांचे खाद्य विकणे, हे नंतर कळले. तो म्हणाला, “अल्लाह तुझं भलं करो, उस्ता. तीन जणांना दाखवलं. एक म्हणाला, तुझे कान तपास.” मी गाडी दुकानासमोर घ्यायला लावली.

मागचे दार उघडताच बॉक्स ओळखला. झगलूलला मी खुर्ची, चहा आणि ताआमियाचे, म्हणजे वाटलेल्या वालाच्या वड्यांचे, दोन पाव दिले, आणि आत जाऊन आधी ठाण्याला व मग हज्जांना फोन केला. शिपाई येईपर्यंत तो मला त्याच्या कोंबड्यांविषयी सांगत होता. माणूस सरळ वाटला. त्याने गाडी बाजारातल्या दलालाकडून घेतली आहे. दलालाला दुपारी ठाण्यात आणले आहे; त्याचा जबाब वेगळा.

ठाण्याच्या आवारात पाशांनी, म्हणजे ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी, विचारले, “गाडी हज्जांचीच कशावरून? इंजिनावरचा नंबर घासलाय. बॉक्स काय, काढून कुठेही बसवता येतो.” त्यांनी स्वतः किल्लीने चार ठिकाणी रंग खरवडून पाहिला. जुना रंग पार काढलेला होता. राखाडीखाली थेट पत्रा लागला.

हज्जा माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या हातात एका नवरीबरोबर काढलेला निळ्या गाडीचा फोटो होता.

मी म्हणालो, “पाशा, एक जागा राहिली आहे.” चार शिपायांनी बॉक्स बाहेर काढला. अर्थिंगच्या स्क्रूवरूनच राखाडी रंग मारलेला होता. मी तो सर्वांसमक्ष उघडला. वायरच्या कडीखाली नाण्याएवढा गोल निळा रंग होता. तो फोटोतल्या निळ्याशी जुळला.

“म्हणजे तू काम नीट केलं असतंस, तर हा रंग राहिला नसता?” पाशांनी विचारले.

“नसता, पाशा.”

“आणि हे तुला कधीपासून माहीत होतं?”

मी तारीख सांगितली. हज्जा जवळच उभ्या होत्या.

पंचनामा झाल्यावर ती जागा तशीच ठेवून, पाशांच्या परवानगीने मी बाजूला दुसरी जागा चकचकीत होईपर्यंत खरवडली आणि वायर तिथे आवळली. काम पंचवीस मिनिटांचे झाले. गाडी सुरू केली, रेस दिली. कुई नव्हती. मग हज्जांनी गाणे लावले. कारकून कागद सोडून बाहेर आले. शिपायांपैकी कोण नाचले हे मी पाहिले नाही. झगलूल डोके धरून पायरीवर बसला होता. तोही पायाने ठेका धरत होता.

हज्जा मला म्हणाल्या, “पंचवीस मिनिटं. आणि सहा महिने माझे कान म्हातारे केलेस.”

मी म्हणालो, “चूक झाली, हज्जा.”

त्या म्हणाल्या, “शुक्रवारी शिरबीनला मेंदी आहे. बॉक्स धरायला तू यायचंस, आणि येताना कपडे बरे घालायचे.” मी येतो म्हणालो.

मला एवढेच सांगायचे आहे. माझा जबाब मला वाचून दाखवण्यात आला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. अर्थिंगच्या स्क्रूबाबतचा मजकूर हज्जा इन्साफ यांच्या विनंतीवरून, त्यांना नीट ऐकू येईल अशा आवाजात पुन्हा वाचण्यात आला. तोही बरोबर आहे.

सही : वगदी तादरोस