तळणाच्या तेलावरची गाडी

चहा घ्या, सांगतो. थोरला सलीम कुवेतहून आला, त्याला आणायला मांडव्याच्या जेट्टीवर गेलो. नव्या डिझेल गाडीत मी नुसतं बायोडिझेल भरलेलं, वापरलेल्या तळणाच्या तेलाचं. रेवदंड्याच्या अलीकडे फिल्टर चोंदला, गाडी बंद.

"अब्बा, गाडीला भजी खायला घातलीत काय? हे डिझेलात थोडंसंच मिसळायचं असतं!"

"बस जरा. मेकॅनिक येतोय."

मेकॅनिक दुपारभर आला नाही. फोनवर कधी बोललं नसेल इतकं पोरगं त्या दुपारी माझ्याशी बोललं.

तो परत जायच्या सकाळी मी गुपचूप पुन्हा तेच तेल टाकीभर ओतलं. सलीमने झाकण उघडून वास घेतला, माझा हात घट्ट धरला.

"अब्बा, मी रिक्षा सांगितलीय."