लेडलॉ सर गोलसमोर का थांबायचे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हितेंद्रभाऊ, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका लताबाई आणि पाहुणे मंडळी, समोर बसलेले पालक, माझ्या फुटबॉलच्या मुली, आणि आजचे सत्कारमूर्ती, या मुलींचे प्रशिक्षक ॲलिस्टर लेडलॉ सर, आपणा सर्वांना या शाळेचा क्रीडाशिक्षक नासीर शेख याचा नमस्कार आणि सलाम.

हार झाले, शालही झाली. शिरपूरच्या उन्हात, स्कॉटलंडच्या माणसाला, लोकरीची शाल! बाई, माफ करा, राहवलं नाही.

सरांची ओळख काय करून देऊ? मासेमारांच्या गावातला जन्म. मिसरूड फुटायच्या वयात व्यावसायिक क्लबात फॉरवर्ड. फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारा, ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात. मग मोठा क्लब, पेपरात फोटो. आणि ऐन उमेदीत उतरण. लहान क्लब, त्याहून लहान क्लब. कारण गोलकीपर अंगावर धावून आला की सर पाय मागे घ्यायचे. प्रेक्षक त्यांना भित्रा म्हणायचे.

आपणही पाहिलंच ना? रिकाम्या गोलमध्ये असा बॉल मारायचे की जाळी फाटेल. पण माझी मुलगी मिसबाह गोलमध्ये उभी राहिली, की बॉल दुसऱ्याकडे ढकलून द्यायचे. संध्याकाळी मुली गेल्यावर एकटेच गोलकडे बघत राहायचे. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या भागाबाई त्यांना लाडलाभाऊ म्हणतात. एकदा त्यांनी मला विचारलं, "सर, लाडलाभाऊले तठे कोन दिसस?"

त्यांना तिथे कोण दिसतं, ते मला धुळ्याच्या सामन्याच्या दिवशी कळलं. मिसबाह बॉलवर झेपावली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या डोक्याला लागला. पोर निपचित पडली. मी धावलो. सर जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. "अब्बू, गोल हुआ क्या?" सगळे हसले. सर मैदानाच्या कडेला बसून ओकत होते.

दवाखान्याच्या बाकावर ते बोलले. त्यांच्या क्लबाच्या दिवसांतला एक सामना, ओलं मैदान, लांबून आलेला बॉल. ते धावले आणि समोरून ग्रेगर नावाचा तरुण गोलकीपरही. धडक झाली. ग्रेगर पुन्हा उठला नाही. पंचांनी सरांना निर्दोष ठरवलं. "तेव्हापासून प्रत्येक गोलमध्ये तोच उभा असतो, नासीर."

मी विचारलं, "त्याच्या घरी कधी गेलात?"

"नाही."

भागाबाईंच्या कानावर हे गेलं, तेव्हा ताट वाढता वाढता त्यांनी सांगून टाकलं, "भाऊ, त्या पोऱ्यानी मायले भेटी ये. ती वाट देखत व्हई." संघातल्या रूपालीने ते इंग्रजीत सांगितलं, की त्या मुलाच्या आईला भेटून या, ती वाट बघत असेल. सर न जेवताच उठले.

मागच्या रविवारी त्यांनी त्या आईला फोन लावला. मला शेजारी बसवून घेतलं. म्हातारी रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू सगळ्यात जवळ होतास. माझा मुलगा शेवटी काही बोलला का?"

सरांनी फोन छातीशी दाबून धरला. मला म्हणाले, "'माझा!' असं ओरडला होता तो. बॉल माझा, बाजूला हो. मी ऐकलं होतं. थांबलो नाही. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही." मग फोन कानाला लावला. "हो, बोलला. समोर येऊन सांगतो."

म्हणून सर करार अर्धा सोडून जात आहेत. भाषणात काय बोलू, असं मी काल विचारलं. ते म्हणाले, "हेच बोल. तिच्यासमोर सांगण्याआधी एकदा माणसांसमोर सांगितलं गेलं पाहिजे."

सर, ती आई तुम्हाला घरात घेईल की दारातूनच परत पाठवेल, मला माहीत नाही. मीही एका गोलकीपरचा बाप आहे. तिच्या जागी असतो, तर मला ते ऐकायचंच असतं. ऐकल्यावर तुमच्याशी बोललो असतो की नाही, ते मात्र आज सांगता येत नाही.

संस्थेचे, पाहुण्यांचे आणि भागाबाईंचे आभार. सत्काराच्या मंचावर शोभणार नाही असं काही तोंडून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि एक विनंती. आता टाळ्या नकोत. सर उठले आहेत, त्यांना वाट द्या.