आईचा रकाना

(लातूर. देवणी गाईंची वंशावळ संगणकात सांभाळणाऱ्या एका संघाचे कार्यालय. सचिव व्यंकटराव, संगणकाचे काम पाहणारी पंचशीला आणि बाकावर उदगीरकडच्या केवळाबाई.)

व्यंकटराव : …म्हणून माझा मूळ आक्षेप तसाच उभा आहे, पंचशीलाबाई. संगणक बंद पडला तर सर्व काही पूर्ववत उभे करता यावे, यासाठी बॅकअप असतो. त्यातून हवे तेवढेच उचलण्याची सोय दिली, की त्याच्यावरचा विश्वास संपला.

पंचशीला : सर, पूर्ण बॅकअप इथं राहणारच आहे, त्याला कोण हात लावतंय? पण उदगीरच्या शाखेला अख्खं कशाला? तिथला संगणक जुना. काल लातूर-नांदेड सगळं एकदम टाकायला गेले, तर मध्येच थिजून बसला.

व्यंकटराव : मुळात शाखा तरी कशासाठी? उदगीर नवा जिल्हा होणार, या नुसत्या बोलण्यावर आपल्या कार्यकारिणीने दफ्तर आधीच फोडले.

पंचशीला : जिल्हा होईल तेव्हा होईल. उद्या तिथं वळूंची निवड आहे, ती तर खरी ना? म्हणून उदगीर आणि देवणी, दोनच तालुके काढलेत.

केवळाबाई : माझा गोऱ्हा हाय न्हवं त्येच्यात? तेवढं बघ माय. मघापून बसून राहिले.

पंचशीला : आहे, मावशी. हा बघा सरदार. अंग पांढरं, तोंड काळं… पण आईचा रकाना रिकामा दिसतोय.

केवळाबाई : रिकामा कसा? चांदी त्येची माय.

व्यंकटराव : आई अज्ञात असलेला गोऱ्हा निवड समितीपुढे उभाही करता येत नाही. तो नियम मीच लिहिला आहे.

केवळाबाई : मंग त्येला बडवून, बैल करून औताला जुपायचा का, सायेब? चांदीचं दुसरं काई मागं न्हाई.

पंचशीला : थांबा, पूर्ण बॅकअपमध्ये बघते. हं, आहे चांदी. तालुका मुखेड, जिल्हा नांदेड. म्हणून गाळली गेली. मावशी, ती मुखेडला कशी?

केवळाबाई : दुष्काळात आमच्या शिवारात काडी न्हवती. भाऊ म्हन्ला, आमच्याकडं आणून बांद. ह्यो पोटात व्हता. तितंच व्याली, तितंच गेली. वासरू तेवढं घेऊन आले.

व्यंकटराव : पाहा. जिल्ह्याची सीमा गाईला ठाऊक नसते. सबंधच पाठवा.

पंचशीला : सबंध तिथं उघडतच नाही, सर. न उघडणारी आई आणि नसलेली आई, मावशींना त्यात फरक काय?

व्यंकटराव : …हे खोडून काढता येत नाही. बरे, मग नोंदी निवडताना एक अट घाला. निवडलेल्या जनावरामागून त्याची आई आलीच पाहिजे, तालुका कोणताही असो.

पंचशीला : आणि आईची आई?

व्यंकटराव : नोंद असेल तिथवर. अर्धवट वंशावळ माझ्या सहीने जाणार नाही.

पंचशीला : किती फुगेल कोण जाणे. फोटो वगळते, म्हणजे उघडेल तरी. मलाही बघायचंय आता काय होतं ते.

व्यंकटराव : जरा सरका. चष्म्यातून नीट दिसत नाही.

केवळाबाई : मला बी येऊ द्या की.

पंचशीला : या, मावशी. सुरू केलं… मुखेड आलं. कंधार. देगलूरचीही यायला लागली. आणि ही तुमची चांदी, तुमच्या भावाच्या गावची.

केवळाबाई : हाव. तीच हाय.

पंचशीला : सरदारच्या रकान्यातही बसली. उद्या उभा करा त्याला.

व्यंकटराव : थांबा. हे विलक्षण आहे. आपण दोन तालुके मागितले आणि त्यांच्या पाठोपाठ निम्मा नांदेड जिल्हा आला. असे कसे होईल? पुन्हा तपासा, कुठेतरी चूक असणार.

केवळाबाई : चूक न्हाई, सायेब. त्या दुष्काळाच्या साली आमच्याकडल्या समद्या गावांची दावण तिकडंच व्हती.