डॉक्टरांच्या दारात आरवणारी तांबडी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या दूध संस्थेचे चेअरमन आदरणीय हनुमंततात्या, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले गुरांचे डॉक्टर केशव गद्रेसाहेब, सौदामिनीताई, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आंबवड्यातले आणि आसपासच्या वाड्यांतून वेळ काढून आलेले शेतकरी बंधू, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आया-बहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक परवानगी मागते. माझा मोबाईल मी बंद केलेला नाही. माझी भावजय वैष्णवी पहाटेपासून भोरच्या दवाखान्यात आहे. तिचं ब्लडप्रेशर एकाएकी वाढलं. दिवस पुरे भरलेले नाहीत, तरी ऑपरेशन करून बाळ काढावं लागेल असं तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. माझा भाऊ अमृत आणि वैष्णवीची आई तिच्याजवळ आहेत, आणखी कोणाला आत सोडत नाहीत. तात्या मघाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अश्विनी, तू आज न्हाई बोललीस तरी चालंल. कुनी नावं ठेवनार न्हाई." तात्या, तुम्ही मायेनंच म्हणालात. तरीही मी उभी राहिले, कारण मला जे बोलायचंय ते दवाखान्यातली बातमी यायच्या आधी बोलायला हवं. नंतर बोलले तर त्याला काही अर्थ उरणार नाही. का, ते सांगते. जरा आडवळणानं सांगेन, तेवढं सांभाळून घ्या.

डॉक्टरसाहेबांच्या नोकरीबद्दल माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. वेल्ह्याकडे असताना ओढ्याला पाणी असलं की लशींचा डबा डोक्यावर घेऊन ते पलीकडे जात, हेही ऐकलं. अडलेली गाय सोडवताना ते गाईशी बोलतात आणि मालकाशी बोलत नाहीत, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मी या सगळ्याची उजळणी करत नाही. मला एका कोंबडीबद्दल बोलायचंय. काही जण हसलेत, काही जणांनी मान खाली घातली. म्हणजे कोणती कोंबडी ते सगळ्यांना कळलेलं आहे.

मी भोरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नर आणि मादी दिसायला वेगळे का असतात, यावर दरवर्षी माझा एक तास असतो. मोराला पिसारा, लांडोर मातकट. कोकीळ काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. कोकिळा तपकिरी, अंगभर ठिपक्यांची. आणि जिच्या गळ्याचं आपण इतकं कौतुक करतो ती गाणारी कोकिळा खरं तर नर असते, असं सांगितलं की वर्गात हमखास हशा होतो. मग मी कारणं सांगते. कोंबडीला अंड्यांवर बसायचं असतं, ती पाचोळ्यात दिसू नये, म्हणून तिचा रंग साधा. कोंबड्याला मिरवायचं असतं, झुंजायचं असतं, म्हणून त्याला तुरा, मानेवर झळाळती पिसं, शेपटीत कोयत्यासारखे वाक आणि पायामागे काटा. मुलं लिहून घेतात, मी खडू ठेवते, तास संपतो. यात चूक काही नाही. पण या दोघांच्या मधला पडदा किती पातळ आहे, हे मला आमच्याच अंगणात कळलं.

आमच्या आईची, म्हणजे चंद्राबाईंची, एक जुनी गावठी कोंबडी आहे. आम्ही तिला तांबडी म्हणतो. वैष्णवी लग्न होऊन आली तेव्हापासून तिला दाणे टाकायचं काम तिच्याकडे. ही कोंबडी तिच्या मागं मागं न्हाणीपर्यंत जायची. दसऱ्यानंतर तांबडीची पिसं झडली आणि नवी आली ती वेगळीच. मानेवर टोकदार, चकचकीत. शेपटी वाकडी व्हायला लागली. तुरा फुगला, लाल झाला. शेजारच्या साळूबाई आईला म्हणाल्या, "चंद्रे, तुझी कोंबडी लुगडं सोडून धोतार नेसली गं." सगळे हसले. आईसुद्धा हसली.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ती आरवली. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

आपल्याकडे आरवणारी कोंबडी घराला अपशकुनी समजतात, ते मी इथं फोड करून सांगायला नको. घरात वैष्णवीला पाचवा महिना होता. त्याआधी दोनदा तिची कूस रिकामी झालेली होती, हेही इथं बहुतेकांना माहीत आहे. कुंडलिककाका तासाभरात आमच्या दारात. काका समोर बसलेत. काका, मी तुमची तक्रार करायला उभी नाही. दोन्ही वेळा वैष्णवीला भोरला नेणारी जीप तुम्हीच चालवली होती, आणि परत येताना गावापर्यंत एक शब्द बोलला नव्हतात. तुम्ही जे म्हणालात ते भीतीनं म्हणालात, आणि ती भीती आमच्याच घरासाठी होती. काका म्हणाले, "वैनी, आजच्या आज कापा आन् शिवंच्या बाहीर टाका. खाऊ बी नका."

आई उठली आणि कोयता शोधायला लागली.

वैष्णवी खुराड्यापुढे जाऊन उभी राहिली. ती कधी सासूपुढे वर मान करून बोललेली नाही. त्या दिवशी बोलली. म्हणाली, "आत्या, हिला मारलं आन् उद्या माझ्या पोटातल्याला काय झालं, तर तुमी म्हनाल मारायला उशीर झाला. न्हाई मारलं, तर म्हनाल कोंबडीनं केलं. म्हंजी दोनी बाजूनं माजंच खोटं. मग हिला तरी कशाला मारता?"

 आईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तू शिकलीस, तू सांग. आणि मी, जी दरवर्षी या विषयाचा तास घेते, ती म्हणाले, डॉक्टरांना बोलावू या. ते मी नीट माहिती मिळावी म्हणून म्हणाले, की निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात पडावा म्हणून, याचा मी अजून विचार करते. ठरत नाही.

डॉक्टरसाहेब आले. तांबडीला काखेत धरलं आणि तिच्या शेपटीखालची दोन हाडं बोटांनी चाचपली. अंडी देणाऱ्या कोंबडीची ही हाडं एकमेकांपासून लांब असतात, हिची जवळ आली होती. त्यांनी आईला विचारलं, शेवटचं अंडं कधी? आई म्हणाली, वरीस झालं असंल. मग डॉक्टर ओट्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागले.

कोंबडीचं अंडाशय एकाच बाजूचं काम करतं, डावीकडचं. ते काम करतं तोवर शरीर तिला तो साधा, मळखाऊ पेहराव चढवत राहतं. वयानं किंवा एखाद्या गाठीनं ते थांबलं, की पुढच्या खेपेला येणाऱ्या पिसांना तो पेहराव मिळत नाही. मग जे येतं ते कोंबड्यासारखं झगमगीत. उजवीकडे जे जन्मभर निजलेलं असतं, ते कधी कधी जागं होतं आणि नरासारखं वागायला लागतं. तुरा वाढतो, कोंबडी आरवते. डॉक्टर म्हणाले, "कोंबड्याची झळाळी प्रत्येक कोंबडीत असतेच. साधं दिसण्यासाठीच तिच्या शरीराला कष्ट पडतात. हिचे कष्ट थांबले, एवढंच झालंय."

मी तिथं उभी होते आणि माझा सगळा तास मला उलटा दिसायला लागला. मी मुलांना शिकवत आले की कोंबड्याला काहीतरी जास्तीचं मिळतं आणि कोंबडीला ते मिळत नाही.

पण माझ्यापेक्षा आधी आईला ते कळलं. तिनं हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हंजी म्हातारी झाली म्हना की. आमास्नी बी वय झाल्यावर हितं केस आल्यात. चिमट्यानं उपटती मी. भावजी, मला बी टाका की मग शिवंच्या बाहीर."

काका गडबडले. म्हणाले, "वैनी, तुमचं येगळं."

"काय येगळं? मी आरवत न्हाई एवडंच."

साळूबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आरवती की. रोज पहाटंचं."

हसू आलं, पण काकांची भीती हसण्यानं जाणारी नव्हती. त्यांनी डॉक्टरांना हात जोडले. म्हणाले, तुम्ही मोठी माणसं, एवढं लिहून द्या की पोराला काही होणार नाही, मी परत या कोंबडीचं नाव काढणार नाही. खरं सांगते, मलाही वाटलं होतं की डॉक्टरांनी द्यावं लिहून. काय बिघडतं? एका बाईला चार महिने सुखानं झोप लागेल. डॉक्टरांनी काकांचे जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "कुंडलिकराव, कोंबडीचं मी लिहून देतो. पोराचं मला लिहिता येत नाही. आणि जो लिहून देईल, त्याच्या दारात जाऊ नका."

त्यानंतर ते वैष्णवीकडे वळले. म्हणाले, बाळंतपणापर्यंत ही आमच्या दारात आरवू दे. आमच्या घरात कोणी भिणारं नाही. आणि तांबडीला काखेत घेऊन गेले. सौदामिनीताईंनी दार उघडल्यावर काय म्हटलं, ते त्यांनीच मला सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणलीत ती ठेवू. पण पहाटे ती ओरडली की तुम्ही उठायचं, मी नाही." ताई, तुम्ही एका परक्या घराची भीती दाणे घालून पोसलीत. हे उपकार मी शब्दांत मांडू शकत नाही.

आता आजचं सांगते. डॉक्टरांना गुरांच्या दवाखान्यामागची खोली रिकामी करायची आहे. ते पुण्याला मुलीकडे निघालेत, तिसऱ्या मजल्यावर. तांबडीला तिथं जागा नाही. कालच ताईंनी मला विचारलं, हिचं काय करायचं? मी म्हणाले, बघू. आणि आज पहाटे वैष्णवीला गाडीत बसवत असताना डॉक्टरांच्या दारातून तांबडी आरवली. माझ्या अंगावर काटा आला. आला, कबूल करते. डावं अंडाशय, उजवं अंडाशय, सगळं पाठ असून आला. नंतर दूध घालायला गेले, तर डेअरीवर कोणीतरी हळू आवाजात म्हणत होतं की कोंबडी परत फिरणार म्हणतात आणि लगेच पोरीला न्यावं लागलं. मी नाव घेत नाही. त्यांचं आणि माझं अंग एकाच आवाजानं शहारलं होतं, मग मी कोणाला बोल लावू?

म्हणून बातमी यायच्या आधी बोलायचं होतं. बातमी चांगली आली, देव करो आणि येवो, तर आपण काय म्हणू? कोंबडी लांब ठेवली म्हणून निभावलं. म्हणजे डॉक्टरांनी ज्या दयेनं तिला नेलं, तीच दया अपशकुनाचा पुरावा होऊन बसेल. पुढच्या वर्षी कोणाच्या घरी कोंबडी आरवली तर तिला न्यायला डॉक्टर नसतील, आणि तिथं एखादी वैष्णवी खुराड्यापुढे उभी राहील की नाही कोण जाणे. आणि बातमी वाईट आली, तर... ते वाक्य मी घरी लिहिलं होतं, इथं वाचवत नाही. पण तेव्हाही बोट कोणाकडे जाईल ते तुम्हाला ठाऊक आहे. कोंबडीकडे जाईल, आणि कोंबडीमागून त्या पोरीकडे. ती म्हणाली होती तेच होईल. दोन्ही बाजूंनी तिचंच खोटं.

तर या भरल्या सभेत मी एवढंच सांगते. तांबडी म्हातारी झालेली कोंबडी आहे. बातमी काहीही येवो, ती तेवढीच आहे. आणि ती आज, आत्ता, काहीच माहीत नसताना घरी यायला हवी. उद्या आणली तर ती बातमीची कोंबडी होईल. डॉक्टरसाहेब, निरोपाला शाल आणि श्रीफळ सगळ्यांनी दिलं. माझ्याकडून तुमचं हे ओझं परत घेण्याखेरीज दुसरं काही द्यायला नाही.

फक्त एक गोष्ट माझ्या हातात नाही. घर आईचं आहे. ती पहाटेपासून माझ्याशी धड बोललेली नाही. आई, मी तुला घरी विचारायला हवं होतं. धीर झाला नाही, म्हणून चारचौघांत विचारते. हे बरं नाही, मला कळतंय. तू नको म्हणालीस तर मी तांबडीला भोरला माझ्या खोलीवर नेईन आणि तुझ्यावर राग धरणार नाही.

आई उठून उभी राहिलीये. मागं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगते. ती म्हणते, "कोंबडीला घालायचं डालगं आनलंय म्या. भाईर पायरीवर ठिवलंय. तू भाशान आवर."

अध्यक्षमहाराज, आवरते. मला बोलू दिलंत, घरचं गाऱ्हाणं सभेत मांडू दिलंत, त्याबद्दल आपल्या सर्वांची ऋणी आहे. डॉक्टरसाहेब, ताई, पुण्यात सुखानं राहा, आणि पहाटे उशिरापर्यंत झोपा. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, काकांचं तर नक्कीच, तर घरची लेक समजून पोटात घाला. आता मी आणि आई जातो. तांबडी घरी निघाली तेव्हा भोरहून काहीही कळलेलं नव्हतं, याला तुम्ही सगळे साक्षी आहात.