हे माझं सगळं ऐकू लागले तेव्हा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, माझ्यासारखे आजी-माजी रुग्ण, त्यांच्यासोबत हेलपाटे घालणारी घरची माणसं, आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सर्वांच्या समुपदेशक ताई,

मी शिवणकाम शिकवणारी बाई. माइकसमोर उभं राहायची सवय नाही. पण ताईंबद्दल बोलायचं म्हटल्यावर नाही कशी म्हणणार?

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून सूचना देतात, त्यामुळे घरीही सूचनाच. लग्न झाल्यापासून आमचं एकाही गोष्टीवर एकमत नाही. खिडकी उघडी हवी की बंद, टीव्हीचा आवाज किती, पाहुण्यांना कधी उठू द्यायचं, सगळ्यावर वाद. संसार मात्र उत्तम चालला होता.

मग मला कॅन्सर निघाला, आणि हे बदलले. मी म्हणाले खिडकी बंद, की बंद. भाजी खारट झाली तरी म्हणायचे, छान झालीय. शेजारणी म्हणाल्या, नशीबवान आहेस. मला मात्र वेगळीच शंका आली. हा माणूस माझं ऐकतोय, म्हणजे डॉक्टरांनी याला काहीतरी सांगितलंय आणि माझ्यापासून लपवलंय, दुसरं काय?

कुणालाही न विचारता मी निरोपाची आवराआवर सुरू केली. चांगलं मशीन एका विद्यार्थिनीला देऊन टाकलं. पुढच्या केमोच्या दिवशी नर्सना सांगितलं, मला नको, उगाच कशाला ओढायचं? त्यांनी वाद घातला नाही, मला ताईंकडे नेऊन बसवलं.

ताईंची खोली तुम्ही पाहिली आहे. एक्स-रेच्या शेजारी, जेमतेम तीन खुर्च्या, दार नीट लागत नाही. ताईंनी उपदेश केला नाही. उपयोग नाही असं कशावरून वाटतं, एवढंच विचारलं.

मी म्हणाले, "ताई, हे माझं सगळं ऐकायला लागलेत."

ताई हसल्या नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. त्यांनी यांना बाहेरून बोलावलं आणि मला म्हणाल्या, आता हेच यांच्यासमोर सांगा. मी सांगितलं. यांनी हातातली गाडीची किल्ली खाली ठेवली. मग म्हणाले, "अगं, मला कुणी काही सांगितलेलं नाही. तुझ्याशी भांडलो आणि तेच शेवटचं भांडण ठरलं तर, या भीतीने गप्प बसत होतो."

इतक्या वर्षांत यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. ताईंनी आम्हाला रडू दिलं, घाई केली नाही. नंतर डॉक्टरांकडे नेलं आणि आमच्यादेखत स्पष्ट विचारलं. उपचार लागू पडत होते! डॉक्टरांनी हे आधीही सांगितलं होतं म्हणे. पण आजाराचं नाव ऐकल्यावर पुढचं आमच्या दोघांच्याही कानात शिरलंच नव्हतं.

मी केमो घेतली. परत येताना गाडीत खिडकीवरून आमचं जे जुंपलं, ते घर येईपर्यंत. त्या दिवशी मला कधी नव्हे ती भूक लागली.

आजार कायमचा गेला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तपासणी जवळ आली की अजून धडधडतं. फरक इतकाच, की आता मी यांना सांगते, भीती वाटते. आणि हे म्हणतात, मलाही. ताईंनी यांना नातेवाईकांच्या गटात बसवलं, तिथे हे अजून जातात. नव्याने आलेल्या नवऱ्यांना चहा देतात आणि बजावतात, बायकोचं सगळं ऐकू नका, ती घाबरेल.

ताई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? तुमच्यामुळे मला माझा नवरा होता तसा परत मिळाला. ज्यांनी मला इथे बोलायचा मान दिला, त्यांचीही मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द मागेपुढे झाला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. हे मघापासून मला घड्याळ दाखवताहेत. एरवी मी मुळीच ऐकलं नसतं. पण आजचा दिवस ताईंचा आहे, म्हणून थांबते. नमस्कार.