वसुधाच्या नावाची बाटली

—नाही हो नर्सबाई, परत न्या असं कुठं म्हणतेय मी? शाळेनं वसुधाच्या नावानं पाठवली, तुम्ही एवढ्या उन्हात घेऊन आलात, बसा जरा. पण माशाचं तेल ना ते! आणि आमच्याकडे स्वयंपाक तीच करते, सोवळ्यात—तिनं चमचाभर घेतलं की माझे देव बाटले. नागपूरहून ह्यांची कचेरी भोपाळला आली, सरकारी क्वार्टर मिळालं, म्हणून काय रीत सोडायची? आमचा अच्युत? तो घेतो की, रोज दोन चमचे. मुलगा आहे, यंदा मॅट्रिकला आहे, त्याला औषध म्हणून चालतं—वर तुळशीचं पान खाल्लं की झालं. चमचा कोण धुतं? वसुधाच. अंगणात धुते आणि मग पुन्हा आंघोळ करते, थंडीतसुद्धा. सवय आहे तिला.

परवा तर चमचा चाटत होती! चौदा वर्षांची घोडी! तोच चमचा तापवला नि दिला हातावर—तसं नाही हो, जरासाच. तव्यावर भाजलं म्हणाली असेल ना तुम्हाला? मीच सांगितलं होतं तसं म्हणायला.

काय म्हणता, आज तेल दिलं तर पुढचा दवाखान्याचा खर्च वाचेल? वाचेल ना! पण कुणाचा? तिच्या सासरच्यांचा! मग त्यांनीच पाजावं. दीर गेले दोन पोरी आमच्या गळ्यात टाकून, ते काय थोडं झालं? हिचे गुडघे वाकडे आहेत, दिसतं मलाही. साडीत झाकले जातात. हिच्या थोरल्या बहिणीचे, नलिनीचे, नाही झाकले? झालंच की लग्न. तिच्या वेळीही डॉक्टरीणबाई हेच म्हणाल्या होत्या—ही हाडं बाळंतपणात दगा देतील. दिलाच. दोन दिवस अडली, मग मूलही गेलं नि तीही. पण मेली ती सासरी, आम्हाला कुणी बोल नाही लावला.

अशा काय बघताय? उठलात? बरं, या. अहो, बाटली पिशवीत कशाला घालताय? ठेवा ती तिथं, व्हरांड्यात. अच्युतची कालच संपली. वसे, ये गं बाहेर! शिवू नकोस कुणाला. बाईंच्या वहीत सही कर, तेल मिळालं म्हणून. गेल्या तिन्ही वेळा केलीस तशी.