प्रोग्रामचं बिऱ्हाड हललं तेव्हा

त्या सकाळी धुकं एवढं दाट होतं की शहापुरातले माग नुसते ऐकू येत होते, गल्ली काय दिसत नव्हती. माझी नात सुजाता आणि तिच्या मैत्रिणी साडीच्या काठाची नक्षी काढायचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम करतात, कुणीही फुकट घ्यावा असा. कुणी काय दुरुस्त केलं त्याची नावासकट नोंद राहते. आता तो ठेवायची जागा आणि नोंदीची पद्धत, दोन्ही बदलायचं चाललं होतं.

सुजाता म्हणाली, "आप्पा, जुन्या नोंदी सोडल्या तर काम आजच उरकतंय. पण गंगाक्कांच्या महेशनं केलेली सुरवात त्यातच हाय."

महेश म्हणजे आमच्या शेजारणीचा लेक. दोन वर्षं झाली त्याला जाऊन.

मी म्हटलं, "साडी उतरली म्हणून आपण माग मोकळा करतो व्हय गं? जुन्या ताण्याच्या टोकांना नवे धागे एकेक गाठ मारून जोडतो. येळ लागतोय, लागू दे."

आठ दिवस लागले. मग तिनं गंगाक्कांना बोलावून नव्या जागेतली पहिली नोंद वाचून दाखवली. महेशची.

गंगाक्कांनी पडद्यावरच्या त्याच्या नावावर बोट ठेवलं. मग हसून मला म्हणाल्या, "अण्णा, शाळेला कवा येळेवर गेला न्हाय, आणि हितं बघा, सगळ्यांच्या आदी येऊन बसलाय."